सोमवार आणि गुरुवार

नवीन माणूस व्यायामशाळेत आला की आधी वजनांकडे बघतो, मग आरशात स्वतःकडे बघतो आणि शेवटी माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून विचारतो, "सर, आठवड्यातनं किती दिवस यायला लागंल?"

बत्तीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर देत होतो. शाहूपुरीत एका धान्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची व्यायामशाळा. खाली पोत्यांची धूळ, वर लोखंडाचा खणखणाट. सकाळी साडेपाचला कुलूप उघडायचं, दुपारी एकला बंद करायचं, चारला पुन्हा उघडायचं. सोमवार ते शनिवार. मालक दुसरे होते, पण चावी माझ्याकडे असायची. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाचे अनुभव लिहा" म्हणून सांगितलं तेव्हा त्यांना बहुधा स्पर्धा, पदकं, कुणाचे दंड किती इंच वाढले असलं काहीतरी हवं असणार. ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मला एका बाईंना मी आखून दिलेल्या दोन वारांबद्दल लिहायचं आहे.

पण आधी हे वारांचं प्रकरण काय असतं ते सांगतो. वजन उचलताना स्नायू वाढत नाही, उलट दुखावतो. वाढतो तो नंतर, तुम्ही घरी जाऊन जेवून झोपता तेव्हा. गवंडी नवा गिलावा करतो, पाणी मारतो आणि हात न लावता सोडून देतो, तसंच हे. नवख्याला आठवड्यात दोन-तीन दिवस पुष्कळ झाले. मुरलेला माणूस चार-पाच दिवस येऊ शकतो, पण त्यानं आज पाय, उद्या पाठ अशी वाटणी करायची, एकाच अंगाला रोज छळायचं नाही. आणि साठी ओलांडलेल्यांना दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची मोकळीक. एवढंच आहे. पण हे एवढंच लोकांना पटवताना माझे केस गेले.

आमच्या मुरगूडकडचा एक नवरदेव आला होता. लग्नाला पाच आठवडे राहिलेले. मी म्हटलं, "पावणं, तीन दिवस या, बास झालं."

"तीन? मी सकाळ-संध्याकाळ येतो की ओ. त्यासाठी तर सुट्टी टाकलीय!"

"संध्याकाळी आला तर मी आत घेणार न्हाय."

त्यानं मान हलवली आणि संध्याकाळी दुसऱ्या एका जिममध्ये नाव घातलं. मला हे कळलं थेट लग्नात. मुंडावळ्या बांधलेला हा गडी हार घालायला हात वर नेतो आणि हात खांद्यापाशीच अडकतो. चेहरा पांढराफटक. शेवटी नवरीनंच वाकून मान पुढे केली. काय गुणाची पोरगी, म्हणून बायकांनी कौतुक केलं. गर्दीत त्याची आणि माझी नजरानजर झाली तेव्हा त्यानं ती पटकन दुसरीकडे वळवली.

सुट्टीच्या वाराबद्दल मी इतका कडक का, तर मी स्वतः तालमीत वाढलो. तिथं जोर-बैठका रोजच्या, आणि वस्तादांसमोर विश्रांतीचं नाव काढायची सोय नव्हती. त्याच हट्टात माझा गुडघा गेला, कुस्ती सुटली आणि मी लोखंड शिकवायला लागलो. त्यामुळे माझ्या हाताखालून जाणारा कुणी असा मोडू नये, एवढं मी ठरवलेलं. प्रत्येकाचे वार वहीत लिहायचो. ज्याचा वार नाही त्याला दारातून परत पाठवायचो. याबद्दल माझं नाव झालं होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान होता.

माझी बायको शालन एकदा म्हणाली होती, "समद्यास्नी वार वाटून दिलासा. मला तेवढा रविवार." ती हसत म्हणाली, मीही हसलो. रविवारी दुपारी जेवून मी झोपायचो. मुलगी लग्न होऊन आजऱ्याला गेली, जावयाचं काजूच्या कारखान्यात काम. मग मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आठवड्याचे सहा दिवस शालन एकटी काय करत होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिला जाऊन आता आठ वर्षं झाली.

ती गेल्यानंतरच्या वर्षी कांबळे बाई आल्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. वय सहासष्ट. अंगानं बारीक, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, पायांत नवे कोरे बूट आणि हातात वही. डाव्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाडं ठिसूळ होत चाललीत, नुसतं चालून भागणार नाही, वजन उचला. म्हणून त्या चौकशी करत करत आमच्या जिन्यावर आल्या. त्या वेळी व्यायामशाळेत बायका फार नव्हत्या, आणि या वयाची तर एकही नव्हती. आरशासमोरची पोरं बघायला लागली. बाईंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं, की सगळी आपापल्या कामाला लागली.

समोर बसून त्यांनी वही उघडली. "किती दिवस यायचं, सर?"

"दोन दिवस. सोमवार आणि गुरुवार. सकाळी अकराला या, गर्दी नसते."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि बाकीचे पाच दिवस?"

"विश्रांती."

"विश्रांतीच चालली आहे की हो, रिटायर झाल्यापासून."

मला तो विनोद वाटला. मी हसलो आणि त्यांना दोन-दोन किलोचे डंबेल्स दाखवायला घेऊन गेलो.

शिकायला बाई अव्वल. जे सांगितलं ते वहीत, आणि जे वहीत ते पुढच्या वेळी पाठ. पहिले दोन महिने खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. मग हातात वजन घेऊन तेच. मग जमिनीवरची दांडी पाठ सरळ ठेवून, मांड्यांच्या जोरावर उचलायची. त्याला आम्ही डेडलिफ्ट म्हणतो. बघणाऱ्याला सोपं वाटतं, पण सगळं अंग कामाला लागतं. बाईंचं एक ठरलेलं होतं. त्यांचा भाऊ दरवर्षी आजऱ्याहून घनसाळ तांदळाची पंचवीस किलोची गोणी पाठवायचा. टेम्पोवाला ती दारात टाकून जायचा आणि आत घ्यायला कुणी मिळेपर्यंत ती तिथंच पडून राहायची.

"मला ती गोणी स्वतः उचलून आत ठेवायची आहे," त्या म्हणाल्या. "कुणाची वाट न बघता."

घरी त्या एकट्याच. नवरा त्याच्याही सात-आठ वर्षं आधी गेलेला. मुलगा हैदराबादला नोकरीला, त्याचा फोन दर रविवारी. टाकाळ्याजवळच्या एका बोळात त्यांचं बैठं घर. शेजारचं घर बंद, ती माणसं पुण्याला गेलेली. हे सगळं मला नंतर, तुकड्यातुकड्यांनी कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की बाई सोमवार-गुरुवार सोडूनही यायला लागल्या आहेत.

पहिल्यांदा मंगळवारी आल्या, रुमाल राहिला म्हणून. रुमाल राहिला नव्हता. मग एका शनिवारी, वहीतलं एक अक्षर लागत नाही म्हणून. मग बुधवारी येऊन दाराजवळच्या बाकावर नुसत्या बसायला लागल्या. व्यायाम नाही, काही नाही. पोरांशी बोलायच्या. कुणाची परीक्षा, कुणाची पोलीस भरती, कुणाच्या आईचं ऑपरेशन. तासभर बसून जायच्या. असं पाच-सहा बुधवार चाललं. मग एका बुधवारी एका पोरानं मला सगळ्यांसमोर विचारलं, "बाईंना रोज चालतंय, मग मला का न्हाय?"

ते मला झोंबलं. इतक्या वर्षांचा माझा नियम, आणि एक पोरगा त्यात भोक दाखवतोय. मी तसाच वळलो आणि तिथूनच मोठ्यानं म्हटलं, "बाई, आज तुमचा वार न्हाय. घरी जावा."

एका क्षणात वजनांचा आवाज थांबला. बाई उठल्या. वही पिशवीत घातली. "बरोबर आहे, सर," त्या म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. मी पण शाळेत हेच सांगायचे." आणि जिना उतरून गेल्या. उतरताना कठडा धरला नाही. ते मी बघितलं आणि मनात म्हटलं, पायांत ताकद आली हं.

त्यानंतर त्या सोमवार आणि गुरुवार सोडून कधीही आल्या नाहीत. दीड-दोन वर्षं, बरोबर अकराला. घड्याळ लावावं असं.

गोणीचं काम झालं. एका गुरुवारी त्या जिना चढून आल्या त्याच हसत. "सर, काल टेम्पो आला. मी उचलली. उंबऱ्यावरून आत, स्वयंपाकघरापर्यंत. मध्ये एकदा टेकवली." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "कुणी बघितलं का?" त्या म्हणाल्या, "कोण बघणार?" आणि वजनं लावायला गेल्या.

पुढच्या जानेवारीतली गोष्ट. गुरुवार होता. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. बाई नाहीत. मी फोन लावला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला. एखाद्या दिवशी राहतं माणसाचं, असं दुसऱ्या कुणाबद्दल म्हटलं असतं. साडेअकराला मी एका जुन्या पोराकडे चावी दिली आणि स्कूटर काढली.

बोळात शिरलो तर बाईंच्या फाटकाशी तीन वर्तमानपत्रं पडलेली. त्यातलं एक कुत्र्यानं फाडलेलं. दार आतून बंद. मी हाका मारल्या, कडी वाजवली. समोर पिठाची गिरणी आहे. तिथल्या वहिनी पीठ झाडत बाहेर आल्या.

"बाई कवा दिसल्या शेवटच्या?" मी विचारलं.

वहिनी विचारात पडल्या. "सोमवारी दिसल्या जणू. तुमच्याकडंच गेलत्या न्हवं? मला वाटलं, लेकाकडं गेल्यात."

मी खिडकीला कान लावला. आत काहीतरी पत्र्यावर आपटल्यासारखा आवाज आला. बारीक. मग पुन्हा. वहिनींचे मालक पहार घेऊन आले. दार जुनं सागवानी होतं, उघडायला वेळ लागला. तो वेळ मला अजून आठवतो.

बाई न्हाणीत होत्या. पाय घसरून पडलेल्या, उजवा पाय विचित्र वळलेला. अंगावर धुवायच्या टबातले कपडे ओढून घेतलेले. दोन साड्या, एक चादर, एक पोलकं. शेजारी पाण्याची बादली आणि हातात तांब्या. तोच त्या पत्र्याच्या टबावर आपटत होत्या. ओठ फुटलेले. मी गुडघ्यावर बसलो, माझ्या त्या मोडक्या गुडघ्यावर, आणि म्हटलं, "बाई, मी आलोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज जवळजवळ नव्हताच. "आज गुरुवार का, सर?"

"व्हय, बाई."

"मग मी बरोबर मोजले."

त्या मंगळवारी सकाळी पडल्या होत्या. फोन बाहेरच्या खोलीत. तिथवर सरकत जायचा प्रयत्न त्यांनी केला, पण न्हाणीचा उंबरा ओलांडता आला नाही. पहिल्या दिवशी ओरडल्या. समोर गिरणीचा आवाज, शेजारी बंद घर, कुणाला ऐकू जाणार? मुलाचा फोन रविवारी. मग त्यांनी पडल्या पडल्या विचार केला, की आपली वाट बघणारं कुणी कधी आहे? गुरुवारी अकरा वाजता. त्याआधी कुणीच नाही. तोवर पाणी पुरवायचं आणि जागं राहायचं असं त्यांनी ठरवलं. हे सगळं त्यांनी मला दवाखान्यात सांगितलं, वर्गात गणित समजावून द्यावं तशा आवाजात.

खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वयाला, या थंडीत, दोन दिवस. हात आणि पाठ मजबूत नसती तर त्या बादलीपर्यंत सरकल्याच नसत्या. तुम्ही शिकवलं ना? त्यानं वाचल्या." मान ताठ व्हावी असं वाक्य. माझी झाली नाही. कारण तोवर माझ्या डोक्यात तो बुधवार सुरू झाला होता. बाई दर बुधवारी येतच राहिल्या असत्या, बाकावर बसतच राहिल्या असत्या, तर मंगळवारी पडलेल्या बाईंना मी बुधवारी शोधायला गेलो असतो. एक अख्खा दिवस आणि एक अख्खी थंडीची रात्र कमी झाली असती. ती रात्र त्यांच्या वाट्याला माझ्यामुळं आली.

मुलगा हैदराबादहून आला. चांगला, घाबरलेला माणूस. आईला घेऊन जायचं त्यानं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो. खूप दिवस घोकलेलं वाक्य होतं. ते म्हणायला गेलो आणि अर्ध्यात अडकलो. "बाई, त्या बुधवारी मी..."

"वजनाचं तुम्ही बरोबरच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुमच्याकडून घरी गेले ना सर, त्यानंतर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत मी कुणाशी बोलले नव्हते. गुरुवारी जिना चढून आले, तुम्ही 'या बाई' म्हणालात, आणि माझ्या तोंडातून आवाजच फुटेना. घसा खाकरून बोलावं लागलं. तुम्ही विचारलंत, सर्दी झाली का. मी हो म्हटलं."

मला ते आठवत होतं. मी त्यांना हळदीचं दूध प्यायला सांगितलं होतं.

त्या गेल्यावर मी व्यायामशाळेत एक गोष्ट सुरू केली. साठीपुढच्या सगळ्यांना सांगितलं, वजन दोनच दिवस, पण सकाळी एक चक्कर रोज मारायची. बाकावर बसा, चहा घ्या, हजेरीवहीत सही करा आणि जावा. बारापर्यंत ज्याची सही नाही त्याला मी फोन करणार. मालकांना हे आवडलं नाही. "मास्तर, ही जिम हाय का विरंगुळा केंद्र?" असं त्यांनी विचारलं. पण मी इतक्या वर्षांत त्यांच्याकडं काही मागितलेलं नव्हतं, म्हणून ते गप्प बसले.

अकरा जण झाले. त्यात सातपुते जॉबर होता. इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. मागांच्या आवाजानं कान अर्धे गेलेले, त्यामुळं बोलणं ओरडूनच. बायको गेल्यावर तो इथं मुलाकडं राहायला आला होता, पण मुलगा-सून दोघं नोकरीवर, दिवसभर हा एकटा. पहिल्या दिवशी मी त्याला वार सांगायला लागलो तर म्हणाला, "चाळीस वर्सं एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. वार मला कवा कळलंच न्हाईत. तुमी फोन करा, मी येतो." दोन दिवसांत तो बाकाचा मालक झाला. त्या बाकावर तीन वर्षं जेवढी भांडणं आणि जेवढा चहा झाला, तेवढं जन्मात माझ्या घरी झालं नसेल.

हैदराबादहून बाईंचे निरोप मोबाइलवर येत. मुलाचं घर नवव्या मजल्यावर. सकाळी सगळे बाहेर पडतात, संध्याकाळी येतात. खाली बाग आहे, पण तिथल्या बायकांशी बोलायला भाषा येत नाही. बाई काठी घेऊन चालतात. पाण्याच्या बाटल्या भरून वजन करतात. "आज एक लिटरच्या दोन बाटल्या, दहा वेळा, तीन फेऱ्या," असा निरोप. मी लिहायचो, "छान. पाठ सरळ ठेवा." मागाहून तर शब्द आणखी कमी झाले, नुसते आकडे यायला लागले. पण एकदाही चुकले नाहीत. सोमवारी एक, गुरुवारी एक. मधल्या वारी कधीच नाही. एकदा मी लिहिलं, "बाई, मध्ये पण कळवत जा, कसं चाललंय ते." त्यांचं उत्तर आलं, "नको सर. शिस्त बरी." मधले वार मीच त्यांना बंद केले होते. ते मला पुन्हा उघडता आले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी जागा विकली. आता तिथं काचेचं दार आहे, अंगठा लावला की उघडतं. बाक नाही. अकरा जणांना जिना चढायचं काही कारण उरलं नाही. मी निवृत्त झालो. निवृत्त म्हणजे काय, चावी हातातून गेली एवढंच. पहिला सोमवार उजाडला आणि साडेपाचला मी मंगळवार पेठेतल्या खोलीत चपला घालून उभा होतो. जायला कुठं नव्हतं. शालनच्या सहा दिवसांचा अंदाज मला त्या आठवड्यात आला. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज किती मोठा आहे, हे मला माहीतच नव्हतं.

एक काम मी चालू ठेवलं. अकरा जणांचे नंबर माझ्याकडं होते. रोज सकाळी अकराला मी एकेकाला फोन करायला लागलो. दोन मिनिटं. उठला का, जेवला का, पाय दुखतोय का. त्यातले दोघं पुढं गेले. नऊ राहिले. लोकांना वाटायचं, मास्तर किती काळजी करतात. मी कुणाला सांगितलं नाही, की त्या नऊ फोनांवर माझा दिवस उभा असतो.

गेल्या श्रावणात एका शुक्रवारी मला ताप भरला. साधाच असेल म्हणून पडून राहिलो. दुपारी उठवेना. शनिवार तसाच गेला. पाणी प्यायला उठलो तर भिंत धरून धरून. मुलीला फोन करावा असं वाटलं, पण आजऱ्याहून ती धावत येणार, जावयाचं कारखान्यातलं काम, पोरांच्या शाळा. म्हटलं, बघू. रविवारी संध्याकाळी घाम आला आणि ताप उतरला. तेव्हा पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं, की तीन दिवसांत माझा फोन एकदाही वाजला नाही. तीन दिवस मी नऊ जणांना फोन केला नव्हता आणि नवातल्या एकालाही, काय झालं असेल, असं वाटलं नव्हतं. त्यांचा दोष नाही. फोन मी करायचा असतो, हे ठरलेलं होतं. त्या यादीत माझं नाव कुठं होतं?

सोमवारी सकाळी अकराला मी सातपुत्याला फोन लावला.

"मास्तर! कुठं गेलतासा? म्हटलं, गावाकडं गेला असाल."

"न्हाय. घरातच हुतो. ताप आलता."

"हां, हां. आता बरं हाय न्हवं?"

"बरं हाय." तालमीत मी मोठमोठ्या गड्यांच्या अंगावर गेलेलो माणूस. पण पुढचं वाक्य मला त्याहून जड गेलं. "सातपुते, एक काम हुतं."

"बोला की!"

"मला रोज एक फोन करत जाशीला का? तू मला. म्हंजे मी तुला करतोच, पर तूबी करायचा."

मला वाटलं, त्याला ऐकू गेलं नाही. आता हेच पुन्हा ओरडून सांगावं लागणार की काय, म्हणून मी खिडकी लावायला उठलो. एवढ्यात तो बोलला. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात.

"कशापायी, मास्तर?"

"घरात कुणी न्हाय रं. पडलो-बिडलो तर कळायचं न्हाय कुणाला."

"व्हय," तो म्हणाला. मग नेहमीच्या आवाजात, कान फाटेल असं ओरडला, "किती वाजता करू?"

"सकाळी आठला कर."

मंगळवारी मी सातलाच उठून बसलो. चहा केला, प्यायलो नाही. फोन समोर ठेवला. आठ वाजले, आठ वाजून पाच मिनिटं झाली. मला स्वतःची लाज वाटायला लागली. म्हातारा माणूस, विसरला असेल. दहा मिनिटांनी फोन वाजला.

"हाईसा का?" सातपुत्या ओरडला.

"हाय," मी म्हटलं.

"बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला.